आर्व्हिलच्या डाव्या कानातून

मी एक जुने श्रवणयंत्र आहे. मित्रांनो, माझा देह शेंगदाण्याएवढा. अंगाचा गव्हाळ रंग केव्हाच उडाला आहे. ऐकायचे आणि कानाला सांगायचे, एवढेच माझे काम. पण अर्धवट ऐकणाऱ्या माणसाच्या मनात संशय किती लवकर घर करतो, हे मी जवळून पाहिले आहे.

माझी पहिली मालकीण एक श्रीमंत वकीलबाई होती. नको ते नातेवाईक आले की ती मला काढून ठेवी आणि गोड हसत बसे. ती गेल्यावर मी बरीच वर्षे खणात पडून होते. मग तिच्या मुलीने मला चर्चच्या दानपेटीत टाकले. तिथून मी अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरात आर्व्हिल स्टिडमच्या डाव्या कानात आले.

आर्व्हिलची उमर लाकडाच्या गिरणीत गेली होती. करवतीने त्याची बोटे शाबूत ठेवली, पण कान नेले. मला कानात बसवताच त्याने बायकोला विचारले, "ह्यातून सरकार माझं बोलणं ऐकत नसेल ना?"

"तुझं बोलणं मीच ऐकत नाही," ओर्लीना म्हणाली, "सरकार कशाला ऐकेल!"

सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. चुलीवर रटरटणारा घेवडा आणि पहाटेची पाखरे त्याला पुन्हा ऐकू येऊ लागली. पण मला कोणी पुसले नाही. माझ्या तोंडात मळ साचला. वाक्ये तुटक पोहोचू लागली, आणि गाळलेल्या जागा आर्व्हिल आपल्या संशयाने भरू लागला. दुकानात कोणी हसले की आपल्यालाच हसले, असे त्याला वाटे.

त्याचा संशय अगदीच निराधार नव्हता. मागच्या उन्हाळ्यात बाजाराजवळ तंबू ठोकून एक गोडबोल्या लोकांच्या रक्तातली साखर फुकट तपासत होता. त्याने आर्व्हिलच्या मेडिकेडच्या कार्डाचा, म्हणजे गरिबांच्या सरकारी विम्याचा, नंबर घेतला आणि पोबारा केला. नंतर आर्व्हिलच्या नावावर कोणीतरी चाकाची खुर्ची घेतल्याचे कळले.

अशात त्याच्या पायाला जखम झाली. मधुमेह जुना, त्यामुळे ती भरेना. गावातले म्हातारे डॉक्टर दवाखाना बंद करून मुलाकडे गेले होते. ओर्लीना जागोजागी फोन करू लागली. एक म्हणे, "कार्ड चालतं, पण नवीन पेशंट घेत नाही." दुसरा म्हणे, "मेडिकेड आम्ही केव्हाच सोडलं." तिसऱ्या नंबरावर तर केस कापण्याचे दुकान निघाले. इकडे पायाची करंगळी काळी पडत चालली. आर्व्हिल हसून विषय टाळी. पण ओर्लीनाला वास येत होता.

शेवटी चर्चमधल्या एका बाईने नदीपलीकडचा दवाखाना सुचवला. तिथून उत्तर आले, "हो, मेडिकेड घेतो. उद्या सकाळी या."

ओर्लीनाने फोन ठेवला आणि आर्व्हिलला सांगितले.

"एवढ्या पटकन हो?" आर्व्हिल म्हणाला. "काहीतरी काळंबेरं आहे. डॉक्टर कोण आहे?"

"डॉक्टर नाही, फिजिशियन असिस्टंट आहे. क्रिस्टा नेपियर. ती तपासते, औषध देते, अडलं तर डॉक्टरांना विचारते."

"म्हणजे श्रीमंतांना अख्खा डॉक्टर आणि मला अर्धा! त्यात नेपियर! त्या घराण्यानं माझ्या बापाला आंधळं खेचर विकलं होतं."

"तू चल. खेचराचं नंतर बघू."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात क्रिस्टाने पाय पाहिला आणि ती पडद्याआड जाऊन नर्सशी बोलू लागली. मी जिवाचा कान केला. पण मळातून एवढेच शब्द पार झाले: "...कापावाच लागेल."

आर्व्हिल पांढराफटक पडला. एक बूट हातात घेऊन तो लंगडत बाहेर पडला आणि ट्रकमध्ये जाऊन बसला. "ऐकलंस? कापणार म्हणे!" तो ओर्लीनावर ओरडला. "फुकटचं कार्ड, म्हणून पायही फुकटचा वाटला त्यांना!"

क्रिस्टा मागोमाग धावत आली. तिने आवाज चढवला नाही. त्याच्या कानाकडे बघून ती म्हणाली, "मिस्टर आर्व्हिल, ते यंत्र जरा देता?"

"का? तेही कापणार?"

ओर्लीनानेच मला काढून दिले. क्रिस्टाने बारीक ब्रशने माझे तोंड साफ केले. मित्रांनो, किती दिवसांनी मला मोकळा श्वास मिळाला! मला परत कानात बसवून ती त्याच्यासमोर उभी राहिली.

"पायमोजा," ती म्हणाली. "मोजा कापावाच लागेल, म्हणाले मी. जखमेला चिकटलाय. ओढला तर कातडी निघेल."

आर्व्हिलने हातातला बूट खाली ठेवला. मग त्याने हळूच विचारले, "आणि पाय?"

"पायाचं आत्ता खात्रीनं सांगता येत नाही. मोज्याच्या भोकातून दिसते ती करंगळी मला ठीक वाटत नाही. सर्जनला आजच फोन करते. तुमचं कार्ड तिथं चालतं का, तेही आधी मीच विचारते."

गोड बोलून फसवणारे आर्व्हिलने पाहिले होते. हे उत्तर गोड नव्हते. तो ट्रकमधून उतरला.

"तुझ्या आज्यानं आम्हाला आंधळं खेचर विकलं होतं," जाता जाता तो पुटपुटला.

"ठाऊक आहे. म्हणून तर तुमचे डोळेसुद्धा तपासणार आहे."

करंगळी गेली, पाय राहिला. आर्व्हिलचा स्वभाव काही बदलला नाही. अजूनही तो औषधाची बाटली उजेडात धरून बघतो आणि एकच प्रश्न दोनदा विचारतो. क्रिस्टा दोन्ही वेळा उत्तर देते.

मी आता थकले आहे. माझे झाकण सैल झाले आहे, मध्येच शीळ वाजते. पण ओर्लीना रोज सकाळी मला पुसते. मित्रांनो, तुमच्या घरी माझे कोणी भाऊबंद असतील तर त्यांना तुम्हीही पुसत जा. आणि कमी ऐकू येणाऱ्या माणसाने "काय म्हणालात?" असे विचारले, तर "जाऊ दे, काही नाही" असे कधी म्हणू नका. तेच वाक्य आम्ही सर्वांत जास्त वेळा पोहोचवले आहे, आणि त्याच्यापुढे माणूस किती एकटा पडतो, हे कानात बसून पाहिले आहे.