काठवटीचं बूड

गिरधर खरादीने उभ्या आयुष्यात खाटेचे पाय कातले, लाटणी कातली, पाळण्याचे गज कातले. पण पीठ मळायची काठवट? ती सुताराने वाकसाने कोरायची वस्तू. धरणगावात कोणी खरादावर काठवट काढलेली नव्हती, म्हणून तर याच्या हाताला खाज! हौस मोठी वाईट बघा. ती माणसाला शहाणपण विचारत नाही.

लाकूड निंबाचं. वादळात शेताच्या बांधावरचा निंब उन्मळून पडला, तेव्हा त्याची आई भिकुबाई धुळ्याला बहिणीकडे गेलेली. गिरधरने बुंध्याचा ठोकळा बैलगाडीत घातला आणि घराच्या पडवीत, खरादापाशी आणून टाकला. बायको बेबाबाई भीत भीत एवढंच म्हणाली, "आत्याबाईले इचारं असतं ते."

"निंब पडला म्हणून काय पंचायत बोलावू?" गिरधर खेकसला.

बेबाबाईच्या भीतीला कारण होतं. तिची पहिली दोन लेकरं पाळण्यातच गेली. ताप नाही, खोकला नाही; सकाळी बघावं तर अंग गार. तिसऱ्या खेपेला भिकुबाईने भगत आणला. त्याने बांधावरच्या कुठल्याशा झाडात खिळा ठोकून जे काय होतं ते बांधून टाकलं. काय बांधलं, कोणत्या झाडात, हे ठोकून घेणाऱ्याशिवाय कोणी जाणायचं नाही, असा भगताचा दंडक. आणि मंदा जगली. आता ती सहा वर्षांची होती, अंगणात सागरगोटे खेळत होती. गिरधर भगताला हसायचा, पण मंदा नुसती शिंकली तरी याच्या हातातली पटाशी खाली यायची.

बांधावर झाडं काय थोडी होती? त्यातलं हेच कशावरून? असं मनाला समजावून त्याने मोटार सुरू केली. दीपनगरचं वीजकेंद्र आपल्याच जिल्ह्यात, तरी वीज पाहुणीसारखी यायची. त्या दुपारी आली ती मात्र जायचं नाव घेईना.

लाकूड अजून ओलसर होतं. जाणता माणूस थांबला असता. याने आधी बाहेरचा घेर धरला, बुडाशी पकडीसाठी एक गड्डा ठेवला, गड्डा खरादाच्या जबड्यात आवळला आणि पोट कोरायला घेतलं. निंबाच्या ओल्या ढलप्या फराफरा उडाल्या. कडू धूळ जिभेवर बसली, थुंकला तरी जाईना. पण काठवट उतरली मात्र देखणी! काठ कसा, हात फिरवत बसावं असा. "बेबा, देख गं!" तो ओरडला. बेबाबाई दारातूनच बघून आत गेली.

आता बूड राहिलं. बूड नीट नसेल तर काठवट डगमगते, आणि डगमगत्या काठवटीत भाकर कोण थापणार? त्याने काठवट उलटी बसवली आणि तो गड्डा कातून काढायला लागला. दोन बोटं लाकूड गेलं असेल नसेल, आत काळं वर्तुळ दिसलं. कुजलंय की काय, म्हणून त्याने पटाशी दाबली. कर्रर्र झालं, ठिणगी उडाली, पटाशीचं तोंड तुटून भिंतीवर आदळलं.

मोटार बंद करून तो वाकला. काळ्या लाकडाच्या मधोमध लोखंड चमकत होतं. खिळाच तो. तिथेच थांबायचं ना? पण बूड अर्ध्यावर सोडवेना. त्याने पक्कड लावली, पाय रोवले आणि खिळा उपटला. भोकात खुंटी मारली, बूड घासून सपाट केलं. काठवट जमिनीवर ठेवली, जराही हलली नाही.

नेमकी तेव्हाच भिकुबाई धुळ्याच्या गाडीतून उतरून दारात आली. गिरधरच्या हातातला खिळा बघून तिने काखेतली पिशवी सोडून दिली.

"कोनता निंब पडना?"

"बांधावरचा, विहिरीजवळचा."

म्हातारी होती तिथेच बसली. बेबाबाई धावत बाहेर आली. "आत्याबाई, काय बांधं व्हतं? आते तरी सांगा!"

"काय नही, कोनले ते इचार," म्हातारी म्हणाली. "मन्हा भटूले."

भटू म्हणजे गिरधरचा धाकटा भाऊ. त्याच्या लग्नाची बोलणी चालली असताना त्याच विहिरीत पडून गेला. त्याला एकट्याला करमत नाही, तोच लेकरं सोबतीला नेतो, असं भगताने सांगितलं. आणि नात वाचावी म्हणून या माउलीने स्वतः खिळा धरला, घाव भगताने घातले. तेव्हापासून भटूचं नाव घरात कधी निघालं नाही; मंदाने तर ते ऐकलेलंही नव्हतं.

"आहो, परत ठोका तो! आत्ताच्या आत्ता!" बेबाबाईने नवऱ्याचा दंड धरला.

गिरधरने हातोडा उचलला. कोणतं झाड, काय म्हणून ठोकायचं, देव जाणे. भगत तर मागच्या वर्षीच वारला. पण तोवर म्हातारीने त्याच्या हातातून खिळा काढून मुठीत आवळला होता.

"आखो कितला दिन त्याले बांधी ठेवू?" ती म्हणाली. "थकना व्हई तो. मन्हा आंडोर शे, मन्हा पोऱ्या."

गिरधर भडकला. भ्यालेला माणूस भडकतोच. "एका गंजक्या खिळ्यापायी घर डोक्यावर घेतलं तुम्ही दोघींनी! काही होत नाही! आज याच काठवटीत भाकरी होणार!" हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

बेबाबाईने काठवटीला बोटसुद्धा लावलं नाही. म्हातारीनेच हातपाय धुतले, ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ घेतलं आणि मळायला बसली. तिचा चेहरा असा हलका गिरधरने कैक वर्षांत पाहिला नव्हता. त्याला बरं वाटायला हवं होतं. अंगावर काटा आला.

तिने ताटं मांडली. गिरधरजवळ मंदाची छोटी थाळी. आणि दाराशी आणखी एक ताट. पहिली भाकर, ठेचा, तेलाची धार त्या ताटात. मग दाराकडे तोंड करून तिने हाक मारली, "भटू, जेवाले ये रे!"

सागरगोटे टाकून मंदा उठली. आत आली, आपल्या थाळीकडे बघितलंही नाही, आणि दाराशी मांडलेल्या ताटावर बसून तिने भाकर मोडली.

"पोटभर खाय, बाळा," म्हातारी म्हणाली.

बेबाबाईने किंचाळून लेकीला ताटावरून उचललं. म्हातारीने पोरीचं मनगट धरलेलं होतं, ते ती सोडेना. गिरधर गुडघ्यावर बसला आणि आईची बोटं एकेक करून सोडवायला लागला.