सगळी सोय केलीय

तोक्तोगुलच्या जलाशयाकाठी आम्ही दर उन्हाळ्यात तंबू ठोकतो. चहूकडे उघडेबोडके डोंगर, सावली औषधालाही नाही. पाण्यालगत वाळुंजाची चार झाडं आहेत, तेवढीच. ती जागा मिळावी म्हणून मी आणि माझा नवरा तालंत पहाटेच आईला घेऊन पोचलो.

यंदा एर्मेकदादा येणार होता. बिश्केकला नोकरीला लागल्यापासून तो एकदाही आमच्याबरोबर आला नव्हता. आईने आदल्या दिवशी डबाभर बोरसोक, कणकेचे फुगीर तुकडे, तळले, डोक्याला नवा रुमाल बांधला आणि सकाळपासून रस्त्याकडे डोळे लावून बसली.

दुपारी दादाची गाडी आली. मागून आणखी एक. त्यातून त्याचे साहेब आणि त्यांच्या बाई उतरल्या. आई हात पुसत धावली, तर हा घाईघाईने आडवा आला आणि पुटपुटला, "आधी चहाचं बघ." मिठी नाही, ओळख नाही. साहेबांकडे वळून म्हणाला, "बसा ना, सगळी सोय केलीय."

सोय म्हणजे आम्ही!

मग तालंतला त्याने तंबू तिकडे उन्हात हलवायला सांगितलं, साहेबांना ऐसपैस बसता यावं म्हणून. तालंत खुंट्या उपटायलाही लागला.

"अरे, तू काय त्याचा गडी आहेस?"

"जाऊ दे गं. एका दिवसाचा तर प्रश्न."

पाहुणे सावलीत, लोकरीच्या जाड नमद्यावर. आई चुलीपाशी मासे तळत होती; वारा सगळा धूर तिच्याच तोंडावर आणत होता.

"मावशी, माझा जरा कुरकुरीत करा हं," बाई म्हणाल्या. "काय चव आहे हाताला! एर्मेक, कुठून शोधून काढल्यास रे या?"

दादा चहाच्या वाडग्यात बघत म्हणाला, "इथल्याच आहेत. गावातल्या."

आईचा हात कढईवर थबकला. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

"इथल्याच तर!" मी ओरडले. "याला पोटात वागवलं तेही इथंच. बाबा गेल्यावर भर उन्हात रस्त्याच्या कडेला मासे तळून विकले, म्हणून हा शिकला. आई आहे ती त्याची!"

मग साहेब उठले. दोन्ही हातांत आईचा हात घेऊन म्हणाले, "आई, तुमची जागा वर आहे." तिला मानाच्या जागी बसवलं. बाई लाजेने लाल झाल्या, कढईपाशी जाऊन स्वतः मासे परतायला लागल्या. दादा पाण्याकडे निघून गेला.

पाहुणे गेले तशी आई माझ्यावरच उखडली. "चारचौघांत त्याला मान खाली घालायला लावलीस. काय मिळवलंस?"

"आणि तुझी मान, आई?"

"माझी असते खाली. चूल खालीच असते."

दादा निघाला तेव्हा तिनेच नानमध्ये मासे गुंडाळून त्याच्या हातात दिले. त्याने घेतले, तिच्याकडे न बघता.

हल्ली तो तिला फोन करतो, तब्येत विचारतो. माझं नाव काढत नाही. आई म्हणते, "तू धाकटी, तूच माफी माग."

मागेन? माझी जीभ झडली तरी मागणार नाही.