माशांची आया

बर्फाची तिसरी लादी हौदात ढकलताना इद्रीस होडेकरने तिला जी शिवी हासडली, ती खरं तर हार्लन साहेबासाठी होती. पण लादी हाताशी होती आणि साहेब कागदांवर सही करणारा होता.

"इद्रीस, थर्मामीटर क्या बोलता?"

"ठीक बोलता, साब."

थर्मामीटरला बोलता आलं असतं तर त्यानेही शिवीच दिली असती. कुवेतचं वाळवंट, तेल कंपनीची वसाहत, डिसेंबर १९५८. सिमेंटच्या हौदात गोडं पाणी आणि त्यात एकेचाळीस अमेरिकन मासे.

हार्लन साहेब ओरेगनचा. तिकडे हिवाळ्यात म्हणे नद्यांना स्टीलहेड चढतात. जात ट्राउटचीच, पण समुद्रात जाऊन पोसलेली. माणसं कमरेएवढ्या गार पाण्यात उभी राहून त्यांना गळ टाकतात. बाकीच्यांना घरची आठवण आली की ते पत्र लिहायचे. साहेबाने दोन वर्षांपूर्वी विमानाने त्या माशांची अंडीच मागवली, ओल्या शेवाळात गुंडाळून.

आता ती सांभाळायची कुणी? साहेबाने कामगारांची यादी काढली. रत्नागिरी, राजिवडा, बापजादे मच्छीमार. झालं. पाइप फिटर इद्रीस माशांच्या सेवेला लागला.

दोन्ही उन्हाळे मासे एअरकंडिशन कोठीत राहिले आणि कामगार तंबूत. कामगाराला दिवसाला गोड्या पाण्याच्या दोन बादल्या, माशांना टँकर. मेसचा खानसामा हमीद, श्रीवर्धनचा, रोज बकऱ्याची कलेजी बारीक कापून डब्यात भरायचा आणि रोज न चुकता विचारायचा, "काय रे आया, पोरां झोपली काय?"

तेही इद्रीसने गिळलं असतं. पण त्याची रजा जूनमध्येच मिळायला हवी होती. तीन अर्ज झाले. तिन्हींवर साहेबाने एकच शेरा मारला: हा गेला तर मासे मरतील. इकडे बहिणीची, शरीफाची, पत्रं येत होती. अब्बांची नजर गेली. रोज धक्क्यावर बसतात आणि येईल त्या होडीवाल्याला विचारतात, माझा इद्रीस तिकडे कसली मच्छी धरतो रे? इद्रीसने एकदा घरी कळवलं होतं, मच्छीचंच काम आहे. तेवढ्यावर म्हातारा दोन वर्षं छाती पुढे काढून बसला होता.

"ये मछली बहुत समझदार," साहेब कौतुकाने सांगायचा. "कितना भी दूर जाएगा, टाइम पे अपना घर वापस आएगा."

"उसको छुट्टी कौन देता, साब?"

साहेब पोट धरून हसला होता. तिसरा अर्ज तेव्हा त्याच्या कोपराखालीच होता.

आज हेड ऑफिसचा मोठा साहेब गळ टाकायला आला होता. छातीपर्यंतची रबरी विजार चढवून तो हौदात उतरला. किड्यासारखी पिसं बांधलेला गळ फिरवून फेकला, तो हार्लन मडमेच्या हॅटीत अडकला. दुसऱ्यांदा फोटोग्राफरच्या कॉलरीत. तिसऱ्यांदा पाण्यात पडला, पण एकही मासा ढुंकून बघेना. जन्मात त्यांनी पीस पाहिलेलं नव्हतं. त्यांना इद्रीसचा डबा ठाऊक होता. दोनदा वाजला की कलेजी. एकेचाळीसच्या एकेचाळीस इद्रीसच्या कडेला तोंडं लावून उभे होते.

मोठा साहेब दोन पावलं पुढे सरकला, बर्फाच्या तुकड्यावरून घसरला आणि विजार काठोकाठ भरली. चौघांनी ओढून उभा केला, तर विजारीतून अर्धा हौद बाहेर आला. तरी गडी हटेना. माशाशिवाय फोटो नाही म्हणाला.

हार्लन साहेबाने इद्रीसला बाजूला घेतलं. खिशातून रजेचा कागद काढला, पेनाचं टोपण काढलं.

"बर्फ के पीछे से पानी में जाओ. मछली हुक में लगाओ. मैं अभी साइन करता. बोट परसों है."

इद्रीसने कागदाकडे पाहिलं. गळाला मासा लागतो. लावून देणारा माणूस राजिवड्यात कुणी ऐकला नव्हता. "ठीक, साब," म्हणून तो उतरला.

पाणी सुरीसारखं लागलं. खाली मासे आपणच आले. एकाने रोजच्यासारखं त्याच्या तळव्यात तोंड खुपसलं. दुसऱ्या हातात गळ. आणि त्या गारठ्यात इद्रीसचे कान तापले. त्याने माशाला हलकेच बाजूला सारलं, अंगातला कंपनीचा खाकी शर्ट उतरवला, कॉलरमधून गळ आरपार घातला आणि दोरीला हिसका दिला.

वर एकच जल्लोष झाला. काठी वाकली. मोठा साहेब पाच मिनिटं झुंजला आणि बिल्ला नंबर २३१७ सकट शर्ट वर आला. फोटोग्राफरने सवयीने फोटोही काढला.

इद्रीस उघड्या अंगाने कुडकुडत काठावर चढला. हार्लन साहेबाने पेनाला टोपण लावलं. इद्रीस बोलला.

"दो साल से इसी पानी में था, साब. आज पकड़ा गया."

रजेला सहा महिने पुरले नव्हते. बडतर्फीचा कागद वीस मिनिटांत टाइप झाला. काढलेल्या माणसाला पहिल्या बोटीने घरी धाडायचं, हा कंपनीचाच नियम. पहिली बोट परवाचीच.

निघायच्या सकाळी हमीदने वाटेसाठी अरबी पावासारखे खुबूस बांधून दिले. आज चिडवलं नाही. "अब्बाला काय सांगशील?"

"सांगेन, एक मासा धरला होता. सोडला."

ट्रंक खांद्यावर घेऊन तो हौदावरून निघाला. नवा माणूस अजून मिळाला नव्हता, बर्फ कधीच विरघळला होता. ट्रंकेची कडी दोनदा वाजली आणि एकेचाळीस तोंडं काठाला येऊन थांबली.

इद्रीसने ट्रंक खाली ठेवली. फडकं सोडलं आणि खुबूस कुस्करून पाण्यात टाकला. एक, मग दुसरा, मग सगळे.

"खावा, मेल्यांनो."

थर्मामीटर दोरीला लोंबत होता. त्याने तो पाहिला नाही.