करवतीने कापलेले लाडू

मेधाचा लाडू कधी फुटत नाही, असा तिचा लौकिक होता. त्या लौकिकानेच आता घात केला होता.

समुद्राच्या गोठलेल्या बर्फावरून उत्तर ध्रुवाकडे चालत निघालेल्या चौघींमध्ये तिची लेक इरा होती. थंडीत अंगात ऊब राहायला तूप हवं, म्हणून शिध्याचं काम मेधाने हौसेने अंगावर घेतलं. चांगी बिझनेस पार्कमधली बँक सुटली की पासिर रिसच्या फ्लॅटमध्ये बसून तिने डबेच्या डबे बेसनाचे लाडू वळले, मूठ चांगली आवळून. चाखून पाहिले ते सिंगापूरच्या उकाड्यात! तिकडे थंडी वाढली तसे त्यांचे धोंडे झाले आणि इराची दाढ मोडली. अख्खे लाडू उकळावेत, तर तेवढं इंधन नव्हतं.

मोहिमेची डॉक्टर अनुया सिंगापुरातच, क्लेमेंटीत राहायची. तिचा फोन आला.

"काकू, इराला चावताच येत नाहीये. नुसत्या सूपवर ती सामानाची गाडी कशी ओढणार? उद्या सामान द्यायला विमान येतंय, त्यातून तिला परत बोलावते."

मेधाचा जीव भांड्यात पडला. लेक घरी येणार! खोटं कशाला बोला, तिला आनंदच झाला. मग निघताना विमानतळावर इरा काय म्हणाली ते आठवलं: "आई, can lah, जमेल मला! फक्त तू मध्येच परत बोलावू नकोस." आपल्या लाडवांपायी पोरीचं स्वप्न बुडावं, याची तिला भयंकर लाज वाटली.

"उद्यापर्यंत थांब," ती अनुयाला म्हणाली.

ओळखीच्या श्रीनिवासचं मासळीचं कोल्ड स्टोअर होतं. तिथे मेधाने लाडू गोठवला, उसना कोट चढवून आपटला, हातोडीने ठोकला. लाडू ढिम्म. पलीकडे एक कामगार गोठलेला मासा करवतीने कापत होता आणि खाली पांढरा भुगा पडत होता. मेधा बघतच राहिली.

"श्रीनिवास, करवत द्या. नवी द्या हो, बेसनाला मासळीचा वास नको!"

लाडवाचा भुगा गरम पाण्यात ढवळला, तर छान दाटसर पेज झाली. चावायचं कामच नाही.

अनुयाने लगेच सॅटेलाइट फोन जोडून दिला.

"इरा, तंबूच्या आडोशाला बर्फाच्या विटा कापता ना? त्याच करवतीने लाडू काप."

"आई, seriously?"

"तोंड नको चालवू, करवत चालव."

दुसऱ्या दिवशी मेधा ऑफिसात असताना इराचा फोन आला. मागे विमानाची घरघर ऐकू येत होती. ती हळूहळू लांब गेली. मेधा फोन घेऊन पँट्रीत शिरली.

"आई, विमान गेलं. मी इथेच आहे. दोनदा पोटभर पेज प्यायले, अनुयाने हो म्हटलं."

"पुढच्या वेळी सैल वळीन गं."

"छे! सैल असते तर प्रवासातच पीठ झालं असतं. घट्टच वळ."

पँट्रीत उभी राहून मेधा ढसाढसा रडली. मग तोंड धुतलं आणि मीटिंगला गेली.