धाब्याखालची बाज

माह्या बोलन्यावर आमच्या गावात कोनी भरवसा ठेवत नाई, अन त्यात गावाची काई चूक नाई. माही वरात मूर्तिजापूरहून शकुंतला नावाच्या लहान्या रेल्वेगाडीत आली. ते गाडी इतकी धिरे चाले का मी मधातच उतरली, बोरीची बोरं ओटीत भरली, अन पयत येऊन आपल्याच डब्यात बसली. हे मी पन्नास वर्सं सांगून राहिली. आंधी नुसते बोरं होते. मंग बोरं अन एक ससा झाला. आता आता तर मी मधात उतरून चूल मांडून वरन-भातबी शिजवून घेते.

म्हनून मंगयवारी जवा मी खरं बोलली, तवा कोनाले पटलं नाई.

मे महिना. दुपारचे तीन. मी आंगनात लिंबाखाली बसून कुरड्या उलट्या करत होती. आंधी कुत्रं उठलं अन वावराकडे पयालं. मंग मधात, घरात, भांडे वाजले. मंग जमीन अशी हालली का जशी कोनी खालून गोधडी झटकली. दहा मोजेपर्यंत हालली. दुसऱ्याले मी अर्धा तास सांगीन, तुमाले दहाच सांगते.

घर उभं राहिलं. माहा बुढा, डोमाजी, मधात बाजेवर झोपला होता. तो दारात आला, भिंतीवरून हात फिरवला अन म्हने, "पाय, रेघ तरी पडली का? माह्या हातचं घर हाय हे." अन पुन्हा जाऊन बाजेवर पडला.

आमचं घर धाब्याचं. म्हनजे वर कवेलू नाई, टिन नाई. सागाच्या बल्ल्या, त्याच्यावर तुराट्या, अन त्याच्यावर पांढरी माती. दर साली पावसाआंधी नवी माती टाका लागते, नाई तर घर गयते. डोमाजीनं अडतीस वर्सं आपल्या हातानं टाकली, दर साली चाळीस टोपले. या साली पन्नास टाकले, आठच दिवस झाले. जुनी माती काढावी हे त्याच्या ध्यानात आलं नाई, माह्याबी नाई, गावात कोनाच्याच नाई. जेवढी माती जाड तेवढं घर पक्कं, असंच समजत होतो आमी. अन थंड किती. बाहीर पंचेचाळीस डिगरी ऊन, मधात माठासारखा गारवा.

मोबाइल वाजला. अकोल्याहून पोरगा, संघपाल. शाळेत मास्तर हाय.

"आई, बाबा कुठी हाय?"

"धाब्याखाली. बाजेवर."

"त्याइले बाहीर काढ. पुन्हा हालनार हाय. पह्यला धक्का भिंती ढिल्या करते अन दुसरा पाडते. त्या धाब्यावर किती माती झाली, हिसाब केला का कधी? तीन ट्रक हाय डोक्यावर. ऐकून राहिली ना?"

"ऐकून राहिली बापा."

"अन तू मधात थांबू नोको. माह्यासंग गोष्टी लावू नोको, जाय."

मी मधात गेली. उन्हातून आल्यावर पह्यले काई दिसलं नाई, आवाजच आला. बाजेच्या उशाशी वरून माती झरत होती. दोऱ्यावानी बारीक. मी चुलीपासची परात आनून खाली ठेवली. परातीत माती अशी वाजे का जशी दुधाची धार.

"अहो, उठा. धाबं झरून राहिलं."

"झरते थे उन्हाळ्यात. उंदीर असतीन."

"संघपालचा फोन होता. तो म्हने..."

"संघपालले म्हन पोट्टे शिकव. मी तीस वर्सं रेल्वेत होतो. जमीन हालतानाच पाहिली म्या."

चार वाजता आखीन एक बारका धक्का आला. बाज कुरकुरली, बस. पन मी वर पाह्यलं. धाब्याची मधातली बल्ली, धुरानं काळी कुट्ट झालेली, ते भिंतीतून बोटभर बाहीर आली होती. तेवढं बोटभर लाकूड गोरं होतं. अडतीस वर्सं त्यानं उजेड पाह्यला नव्हता. डोमाजीले मी दाखवलं, पन त्याले मोतीबिंदू, त्याले बल्लीच दिसत नाई तर बोट काय दिसन.

"बल्ली सरकली हो."

"काल म्हने विहिरीत बैलाएवढा मासा होता. आज बल्ली सरकली."

"मासा खोटा होता. बल्ली खरी हाय."

"तुह्या गोष्टी पोट्ट्याइले सांग, संघपालची माय. मले झोपू दे."

परातीत आता दोरा नाई, बोटाएवढी धार पडत होती.

मी बाहीर आली. विहिरीचं पानी गढूय झालं होतं अन त्याले गंधकासारखा वास येत होता. लिंबावर रोजचे कावळे नव्हते. कुत्रं बांधावर बसून होतं, मी भाकर दाखवली तरी आंगनात येईना. मले समजलं का खरं सांगून हा मानूस काई उठत नाई. खरं मी तीनदा सांगून पाह्यलं होतं.

शेजारची मनकर्णाबाई आपल्या आंब्याखाली पोत्यावर बसली होती. भाजीचा धंदा हाय तिचा, रोज दर्यापूरच्या बजारात वांगे अन हिरव्या संबाराच्या जुड्या विकते, म्हनून आवाज मोठा हाय अन डोकंबी चालते. मी खिडकीपाशी उभी राहून तिले डोया मारला अन बोलली.

"मनकर्णाबाई, हयू बोल माय. बुढ्याच्या कानावर जाऊ देऊ नोको."

तिनं माह्याकडे पाह्यलं, खिडकीकडे पाह्यलं. "काहून, काय झालं?" ते एवढ्या हयू बोलली का पलीकडच्या गल्लीतबी गेलं.

"सडकेचा पूल चिरला म्हनते. तंबू अन धान्य आता शकुंतलाच्या लाईननं आनतीन. पाच वाजता मूर्तिजापूरहून इंजिन सुटते."

"त्या लाईननं? रूळ कोन पाहीन?"

"म्हनूनच तर म्हनते, बुढ्याले सांगू नोको. रेल्वेवाले म्हनत होते, जुना चाबीवाला कोनी जित्ता हाय का. मी म्हनलं, हाय एक, पन त्याचं गुडघं गेलं, त्याच्यानं आता होत नाई."

मधात बाज वाजली.

डोमाजी त्या लाईनवर चाबीवाला होता. रोज सकायी सात किलोमीटर रूळ पाहत चालाचा अन रूळ धरून ठेवनाऱ्या लोखंडी चाब्या ढिल्या झाल्या का हातोड्यानं ठोकाचा. गाडी बंद पडून कितीक वर्सं झाली, पन हातोडा अजून कोनाड्यात, तेल लावलेला. लाल झेंडीबी. घर सारवलं का तो दारात लाल झेंडी खोचे, अन आमी सारे मागच्या भिंतीवरून उड्या मारून जाओ. त्याचा नियम एकच. लाल झेंडी दिसली का पाय थांबले पायजे, साहेबाचे असो का इंजिनाचे, अन ज्यानं लावली त्यानंच काढाची.

तो हातोडा अन लाल झेंडी घेऊन दारात आला. "कोन म्हनते होत नाई?"

मी म्हनलं, "व माय, ऐकलं का तुमी."

लाईन आमच्या घराच्या पुढं, मनकर्णाबाईच्या भेंडीच्या पल्याड. गवत वाढलं होतं पन रूळ होते. डोमाजीनं लाल झेंडी दोन रुळांच्या मधात गाडली अन ठोकत निघाला. टन, टन, टन. गुडघं दुखत नव्हतं. मी रुळावर बसली. रूळ तव्यासारखा तापला होता, पन मले बरं वाटलं. वाटलं, पाच वाजेपर्यंतच काय, रात्रीपर्यंत ठोकत बसू दे.

मंग तो थांबला.

"हिरवी राहिली."

"काय?"

"हिरवी झेंडी. गाडी पास कराले हिरवी लागते ना. बाजेच्या वर, बल्लीत खोचली हाय." अन निघाला घराकडे.

"मी आनते ना."

"तुहा हात पुरत नाई."

काम असलं का तो पोराहून जोरात चालते. मी उठेपर्यंत तो भेंडीच्या मधात होता. मी ओरडली, "थांबा. गाडी येत नाई. मी खोटं बोलली."

त्यानं मागं पाह्यलंबी नाई. "आता खोटं बोलून राहिली, मी घरी जाऊ नये म्हनून."

पन्नास वर्सं ज्या गोष्टी सांगितल्या, त्याच त्या वावरात माह्या आडव्या आल्या. डोमाजी आंगनात शिरला. दार उघडंच होतं, अन मधात अंधार.

हातोडा त्यानं रुळापाशीच ठेवला होता. मी तो दोन्ही हातानं उचलला अन रुळावर हानला. एकदा, दोनदा, तीनदा. लाईनवरच्या मानसाले हा आवाज आला का तो आंधी मागं वयते, मंग इचार करते. डोमाजी वयला. तवपर्यंत मी झेंडी उपटून दोन्ही हातात आडवी धरली होती.

त्याले मोतीबिंदू हाय, पन लाल दिसते.

तो थांबला. दारापासून वीस पावलं, उन्हात.

"काढ ते," तो म्हने.

"मी लावली. मी काढीन तवा काढीन."

"संघपालची माय, टाइम होऊन राहिला."

"होऊ द्या."

मनकर्णाबाई आंब्याखालून पाहत होती, तिलेबी हासू येईना. डोमाजीचा एक पाय पुढं होता, एक मागं. तो पुढचा पाय त्यानं टाकला नाई. त्याचं तोंड रागानं लाल झालं, पन पाय टाकला नाई. मले तवा पायाखाली रूळ लागला. तो गुनगुनून राहिला होता. भोवऱ्यावानी बारीक आवाज, टाचेतून दातापर्यंत आला.

मंग जमीन हालली.

घर पडलं नाई, घर बसलं. जशी म्हैस बसते तसं, आंधी पुढं, मंग मागं. आवाज लय मोठा नव्हता. अडतीस वर्साची माती एकदम खाली आली अन दारातून पांढरा फोपाटा निघाला, खिडकीतून निघाला, डोमाजी त्याच्यात दिसेनासा झाला. मी झेंडी धरूनच होती. दहा मोजले, वीस मोजले.

फोपाटा खाली बसला तवा तो तथीच होता, केसापासून पायापर्यंत पांढरा. एक पाय पुढं, एक मागं. बाजेचा एक खूर मातीतून वर आला होता. तो त्याच्याकडे पाहत होता.

बऱ्याच येळानं तो मागं फिरला अन माह्यापाशी आला. झेंडीकडे हात केला नाई. रुळापाशी बसला अन म्हने, "पाच वाजता सुटते म्हने. शकुंतला कधी टायमावर सुटली होती का?"

मी झेंडी मांडीवर घेऊन त्याच्याशेजारी बसली.

त्यानं कान रुळाले लावला. डोये मिटले. मले वाटलं रडते.

"चूप," तो म्हने. "आखीन येऊन राहिलं. याच्याहून मोठं."

मी गावाकडे पाह्यलं. मनकर्णाबाई घरातली पान्याची घागर घ्याले उठली होती. तिचंबी घर धाब्याचं, अजून उभं. तिनं दाराच्या कडीले हात लावला होता.

मी झेंडी जेवढी वर जाते तेवढी वर केली, अन डोमाजीनं रुळावर हानाले हातोडा उचलला.