खेमसिंगचा गुलाबी फवारा

समाजमंदिरात सतरंजी अंथरून पुष्पा वाट पाहत बसली होती. दुपारच्या सभेला अख्खा तांडा येईल, असं तिनं निकिता मॅडमना छातीठोकपणे सांगितलं होतं. आलं कोण, तर तिची सासू सोनीबाई, दोन म्हाताऱ्या आणि सावली शोधत आत शिरलेली एक शेळी.

नेर तालुक्यातल्या या तांड्यावर पुष्पा आशाताई होती. बाळंतपण, लसी, तापाच्या गोळ्या यांत लोक तिचं निमूट ऐकत. पण फवारणीचं नाव काढलं की पुरुष हसायचे. पोळा तोंडावर आलेला, कपाशी खांद्याला लागलेली, आणि सकाळपासून शिवारात पंपांची घरघर. कोणाच्या नाकाला फडकं नाही, हातात मोजे नाहीत. उपकेंद्रात नव्यानं आलेल्या आरोग्य अधिकारी निकिता मॅडमनी ते येता-जाता पाहिलं होतं. म्हणूनच त्या आज स्कूटीला पोतं बांधून आल्या होत्या. पोत्यात मास्क, गॉगल, मोजे, एप्रन असं सगळं होतं.

"पुरुष मंडळी कुठं गेली?" त्यांनी विचारलं.

"कुठी जातीन? निंबाखाली पत्ते खेळून राह्यले," सोनीबाई म्हणाली. "आमचे बुढे नाई आले, तं बाकीचे कायले येतात?"

ते खरंच होतं. सोनीबाईचा नवरा खेमसिंग जे पेरायचा तेच तांडा पेरायचा, तो ज्या दिवशी फवारा मारायचा त्याच दिवशी बाकीचे पंप पाठीवर घ्यायचे. आणि पुष्पाची अडचण अशी की तो तिचा सासरा होता. घरच्या सुनेनं शेतातलं शहाणपण सांगावं, हे त्याच्या पचनी पडत नव्हतं.

"चला मग, आपणच निंबाखाली जाऊ," निकिता मॅडम म्हणाल्या आणि पोतं उचलून चालायला लागल्या.

पत्त्यांचा डाव ऐन रंगात होता. मॅडमना पाहून माणसं उठून उभी राहिली, कोणी खाट पुढं केली. खेमसिंगनं मोठ्या अदबीनं राम राम घातला. पण पोत्यातला गॉगल आणि मास्क बाहेर निघाला तसा तो मिशीत हसला.

"मॅडम, तुमी लेकरायच्या लसीचं पाहा. तुमचा उपकार हाय. पण फवारा मारता मारता माये केस पिकले. हे घालून वावरात गेलो तं बैल बुजतीन."

सगळे खो-खो हसले.

"काका, औषध अंगावर उडतं ना पण?"

"ज्याले मारता येत नाई त्याच्या अंगावर उडते. माया अंगावर एक थेंब नाई पडत."

पुष्पा मॅडमच्या मागं उभी होती. तिला काय वाटलं कोण जाणे, ती एकदम बोलून गेली, "एकबी नाई, मामाजी?"

"एकबी नाई."

"मंग दाखवा ना! उद्या सकाळी. पंपात औषध नाई टाकायचं, होळीचा रंग टाकायचा. तुमी पांढरा सदरा घालून या. थेंब नाई पडला तं म्या पुन्हा फवारणीचं नाव नाई काढत."

सून सासऱ्याला भरल्या बैठकीत असं बोलली, याचा राग धरावा की पैज घ्यावी, हे खेमसिंगला क्षणभर कळेना. पण सगळे त्याच्याच तोंडाकडं पाहत होते.

"हाव," तो म्हणाला. "सदरा म्या लग्नातला घालतो."

मॅडमनी तेवढी एक अट घातली, की पंप कोरा पाहिजे, आधी औषध घातलेला चालणार नाही. शेजारच्या फुलसिंगनं नुकताच नवा पंप घेतला होता आणि त्याचं प्लास्टिकसुद्धा अजून काढलेलं नव्हतं. तो त्यानं हौसेनं देऊ केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बांधावर जत्रेसारखी गर्दी. सभेला न आलेली माणसं हातातला चहा टाकून आली होती. दुकानात होळीतून उरलेला गुलाबी रंग पुष्पानं पाण्यात कालवला, पंपाची टाकी भरली. खेमसिंग पांढराशुभ्र सदरा घालून, मिशांना पीळ देऊन आला आणि पंप पाठीवर चढवून कपाशीत शिरला.

तो मारत मात्र झकास होता. हात सरळ, चाल एका लयीत. पण वारा समोरून होता. शिवाय कपाशी अशी दाटली होती की दोन्हीकडची झाडं अंगाला घासत होती. अर्ध्या वाटेत तो एकदा थांबला, सवयीनं खिशातली तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पुडी काढली, चिमूट तोंडात टाकली आणि पुढं गेला. ओळ संपवून तो बांधावर आला, तसे सगळे पुढं सरकले.

मिशा गुलाबी. भुवया गुलाबी. सदऱ्याच्या छातीवर शिंतोडे, बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या, धोतर गुडघ्यापर्यंत रंगलेलं.

सोनीबाईनं तोंडाला पदर लावला, पण तिला आवरेना. "अवो, पोळा अजून यायचाच हाय, अन् आमचा बैल आजच रंगून आला!"

मग बांधावर जो हशा उठला तो पलीकडच्या वावरापर्यंत गेला. फुलसिंग तर हसता हसता खालीच बसला. खेमसिंग स्वतःच्या बाह्यांकडं पाहत राहिला. "समोरून उडालं ते समजलं," तो पुटपुटला. "पाठीले काहून ओलं लागून राह्यलं?"

पुष्पानं पंप उतरवायला हात लावला. खांद्यापासून कमरेपर्यंत गुलाबी ओघळ होता. "झाकण नीट बसलं नाई, मामाजी. पाठीवरून गळून राह्यलं."

निकिता मॅडम मात्र हसत नव्हत्या. "काका, पुडी दाखवता?"

त्यानं खिशातून पुडी काढली. सुपारीवर, प्लास्टिकच्या पन्नीवर, सगळीकडं बोटांचे गुलाबी ठसे होते. त्याच्या ओठांवरही तोच रंग होता.

"हे औषध असतं तर?" त्या एवढंच म्हणाल्या.

हशा हळूहळू विरला. दोघातिघांचे हात नकळत आपापल्या खिशातल्या पुड्यांकडं गेले. खेमसिंगनं पुडी मुठीत चुरगाळली, घराची वाट धरली आणि मोरीवर बराच वेळ अंग घासत बसला.

पुष्पाला वाटलं, आता मामाजी रागावून बसले. पण संध्याकाळी ती अंगणात तांदूळ निवडत असताना तो जवळच्या खाटेवर येऊन बसला.

"फवारा मारला का डोकं दुखते मायं. डोळे चुरचुरते. रात्रभर मळमळ. म्या समजत होतो ऊन लागते."

"ऊन नाई ते, मामाजी."

"हाव. समजलं. बरं, वावरात कोणी चक्कर येऊन पडलाच, तं काय करायचं? सांग. नीट सांग."

पुष्पानं सांगितलं. आधी माणसाला वावराबाहेर काढायचं. अंगावरचे कपडे उतरवायचे आणि साबणानं अंग धुऊन काढायचं. तोंडात ताक, दूध, लिंबू काही घालायचं नाही, उलटी करवायची नाही. एकशेआठला फोन लावायचा आणि औषधाची बाटली सोबत न्यायची. खेमसिंगनं ते पुन्हा वदवून घेतलं, मग स्वतः म्हणून दाखवलं. सोनीबाई चुलीपाशी बसून हसू दाबत होती. एवढ्या मनापासून तो कधी शाळेत बसला नसेल.

पुढच्या फवारणीला तो मोजे, मास्क, गॉगल सगळं चढवून निघाला. गॉगलवर वाफ धरते म्हणून कुरकुरला, उकडते म्हणून दोन शिव्या दिल्या, पण काढलं नाही. त्याचं पाहून बाकीच्यांनीही पोत्यात हात घातले. बैल काही बुजले नाहीत.

फुलसिंगचा जावई जीवन त्या आठवड्यात सासरवाडीला आला होता. मुकुटबनकडच्या तांड्यातला उमदा पोरगा, नुकतंच लग्न झालेलं. फुलसिंगचा गुडघा सुजला होता. सासऱ्याच्या कपाशीवर अळी पडलेली पाहून जावयाला बसवेना. "पाहुण्यानं कायले करायचं," असं फुलसिंग म्हणत राहिला, पण जीवन भल्या सकाळी टी-शर्टावरच पंप घेऊन गेला. गुलाबी रंगाची गंमत त्यानं नुसती ऐकली होती.

खेमसिंग शेजारच्या वावरात निंदण पाहत होता. पंपाची घरघर चालू होती, पण ती एका जागीच अडकल्यासारखी वाटली. त्यानं मान उंचावून पाहिलं तर जीवन बांधाशी वाकून उलटी करत होता. खेमसिंग धावला. जीवनच्या तोंडाला लाळ सुटली होती, हात थरथरत होते, डोळ्यांसमोर धुरकट दिसतंय म्हणत होता.

खेमसिंगनं त्याच्या पाठीवरचा पंप काढला, त्याला काखेत धरलं आणि विहिरीवरच्या मोटारीपाशी आणलं. "फुलसिंग! साबण आण! अन् फोन लाव एकशेआठले!"

फुलसिंग लंगडत आला, मागून त्याची बायको, मुलगी ममता आणि निंदणाऱ्या बाया. तोवर खेमसिंगनं जीवनचा टी-शर्ट फाडून काढला होता आणि पँटच्या बटणाला हात घातला होता.

"अहो, काय करून राह्यले!" फुलसिंगची बायको ओरडली आणि तिनं गर्रकन पाठ फिरवली. "जावई हाय तो आमचा! सासूसमोर?"

"जावई जित्ता पाह्यजे ना? मंग तिकडंच पाहा!"

पाइपाचं पाणी सोडून त्यानं साबणानं जीवनला डोक्यापासून पायापर्यंत घासला, अगदी नखांतून, कानामागून. कुठूनतरी कोणी ताकाचा गडवा आणला, तो त्यानं हातानंच दूर लोटला. "तोंडात काई नाई घालायचं!" ममता रडत होती. त्यानं तिच्या हातात कोरडी चादर दिली. "रडू नको, बाई. हे गुंडाळ त्याले. अन् त्याच्याशी बोलत राह्य."

पुष्पा बाजूच्या गावात लसीकरणाला गेली होती. फोन येताच ती निकिता मॅडमच्या स्कूटीवरून आली. पाहते तो खेमसिंगनं जीवनला कुशीवर झोपवलं होतं आणि पन्नीच्या पिशवीत बांधलेली औषधाची बाटली हातात घेऊन तो रस्त्याकडं डोळे लावून उभा होता. तिला सांगायला काही उरलंच नव्हतं. गाडी आली तसा तो पिशवीसकट आत चढला.

नेरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी आधी बाटली पाहिली, मग लगेच इंजेक्शनं सुरू केली. "अंग वेळेवर धुतलं, फार चांगलं केलं," ते म्हणाले. "कोणी सांगितलं होतं?"

"आमच्या सूनबाईनं," खेमसिंग म्हणाला. दारात उभ्या पुष्पानं ते ऐकलं. बाहेर जाऊन तिनं उगाच नळाखाली तोंड धुतलं.

काही दिवस सलाईन घेऊन जीवन तांड्यावर परत आला. थोडा वाळला होता, पण भूक सणसणीत लागत होती. फुलसिंगनं जेवण घातलं आणि खेमसिंगच्या घरच्यांना बोलावलं. अंगणात पंगत बसली. जीवन खालमानेनं जेवत होता. सासू भाकर वाढायला आली की तो आणखीच वाकायचा, तीही तोंड वळवूनच वाढायची.

शेवटी ममतालाच राहवलं नाही. "काकाजी, तुमी ह्यायचा जीव वाचवला, पण आता हे सासरवाडीले यायले तयार नाईत."

"काहून?"

जीवन कानापर्यंत लाल झाला. "काकाजी, अख्ख्या तांड्याले माया चड्डीचा रंग मालूम झाला. विहिरीवर गेलो तं लेकरं मले पाहून हसतात."

तोच वाढता वाढता सासूच फिस्सकन हसली, भाकरीची टोपली तिच्या हातून कलंडली, आणि पंगतीत हास्याचा स्फोट झाला. पुष्पाही हसली. सासऱ्यासमोर इतक्या मोकळेपणानं, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर, ती पहिल्यांदाच हसत होती. खेमसिंगनं तिच्याकडं पाहिलं, मिशी पुसली आणि वाढू लागायला उठलेल्या सोनीबाईला म्हणाला, "सूनबाईच्या पानात वाढ. काईच खाल्लं नाई तिनं."