आल्यागेल्याची दृष्ट

“बाळ झोपलंय,” मथुराबाई दार अडवून म्हणाल्या, आणि नेमकं तेव्हाच आत बाळानं भोकाड पसरलं.

बायडाबाईनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पहाटे धायरीहून गेनबाच्या भाजीच्या गाडीत बसून ती मंडईपर्यंत आली होती, आणि तिथून लेकीच्या बाळंतविड्याचं गाठोडं डोक्यावर घेऊन शनिवार पेठेतला हा जिना चढली होती. पाय नुसते भरून आले होते.

“उठंल तवर बसते की मी.”

“बसा ना. गॅलरीत वाराही चांगला आहे,” मथुराबाई म्हणाल्या. घरात यायचं नाही, हे याहून सभ्यपणे सांगता आलं नसतं.

मथुराबाई म्हणजे बायडाबाईच्या शालूची सासू. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. पण इथं दवाखाना जवळ आहे, असं म्हणून त्यांनी शालूला धाडलं नाही. बारशाचं बोलावणंही केलं नाही. नातीचं नाव श्यामला ठेवलं, हे बायडाबाईला गेनबाकडून कळलं. असं का, ते कुणी बोललं नाही, बोलायची गरजच नव्हती. धायरीत बायडाबाईला चेटकीण म्हणत, आणि असली ख्याती शहरात यायला गाडीबैल लागत नाहीत.

ही ख्याती मिळवायला तिनं केलं होतं एवढंच, की नवरा वारल्यावर विहिरीजवळचं वावर दिराच्या नावावर करून दिलं नाही. या हिंदुरावानं आधी गोड बोलून पाहिलं, मग दम देऊन पाहिला, आणि मग त्याची म्हैस मेली. “बायडीनं करणी केली,” तो चावडीवर म्हणाला, आणि गावाला ते पटायला एक दुपार पुरली. बांधावरची निर्गुडी आणि अडुळसा ती आधीपासूनच जपत होती. आता ती झाडंही चेटकाची झाली. बाळंतिणीच्या अंघोळीला निर्गुडीचा पाला लागला, की बाया मागच्या वाटेनं तिच्याचकडं यायच्या. त्याच बाया पाणवठ्यावर भेटल्या, की पोरांना पदराआड घ्यायच्या. दोन वर्षांपूर्वी पानशेतचं धरण फुटून पुण्यात पूर आला, तोही गावानं तिच्याच नावावर मांडला. आधी आधी ती भांडली. मग नाही नाही म्हणून तोंड दुखलं. वावर सोडलं असतं तर दुसऱ्या दिवशी ती भली बाई ठरली असती. पण त्या वावरावर तिनं शालूला वाढवलं, तिचं लग्न करून दिलं.

आता तिला कुणाकडून काही नको होतं. एकदा नात मांडीवर घ्यायची होती, बस्स.

मथुराबाईंनी चहा आणून दिला आणि गाठोड्यात डोकावून पाहिलं. “हे काय, पाला?”

“निरगुडी हाय. शालूच्या अंघुळीला. अन् डिंकाचं लाडू.”

“पाला नको. आमच्याकडे डॉक्टरांचं औषध चालू आहे. लाडू राहू द्या.” पण लाडवांनाही त्यांनी हात लावला नाही.

बायडाबाईनं कप खाली ठेवला. “विहीणबाई, म्या काय बी मागत न्हाई. एकदा बघू द्या. लांबनंच बघते.”

मथुराबाई काही बोलायच्या आत शालूच बाहेर आली. सासूकडं न बघता तिनं बाळ आईच्या मांडीवर ठेवलं. “घे आये.”

बाळाच्या कपाळावर, गालावर, तळपायावर, जिथं जागा मिळेल तिथं काजळाची तीट होती. बायडाबाईला हसू आलं. “अगं, पोरगी गोरी हाय का सावळी, ते तरी दिसू दे!”

शालू हसली नाही. बाळानं मात्र आजीचं बोट घट्ट धरलं. बायडाबाईला इतकं बरं वाटलं, की तिचे डोळे भरून आले.

“गाडी चुकंल तुजी,” शालू म्हणाली आणि तिनं बाळ उचलून घेतलं.

जिना उतरल्यावर बायडाबाई शेवटच्या पायरीवर टेकली. आता वर दृष्ट काढतील, हे तिला ठाऊकच होतं. ती गेली, की घरोघर हेच व्हायचं. त्याचं तिला वाईट वाटेनासं झालं होतं.

“आल्यागेल्याची, वाटंच्या वाटसराची, कुणाची लागली असंल ती जळून जाऊ दे...”

आवाज शालूचा होता. हे काम सासू करेल, असंच बायडाबाईनं धरलं होतं. आज त्या घरात आलं-गेलं दुसरं कोण होतं? उठावंसं वाटलं, पण उठवेना.

वर मीठ-मिरच्या शेगडीत तडतडल्या. दृष्ट असली तर मिरच्या जळूनही ठसका लागत नाही, नसली तर जीव नकोसा होतो. हे धायरीत आणि शनिवार पेठेत सारखंच मानतात. बायडाबाई श्वास रोखून बसली. इतकी वर्षं सगळ्यांच्या तोंडून ऐकून ऐकून तिचाही स्वतःवरचा भरवसा कुठंतरी हलला होता. आपल्या डोळ्यांत खरंच काही असलं तर? पोरीला इतकं डोळे भरून पाहिलं होतं!

आधी मथुराबाई खोकल्या. मग शालू. मग जळक्या मिरच्यांचा तो खाट जिन्यावरून खाली उतरला आणि बायडाबाईला असा ठसका लागला, की तिच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

तळमजल्यावरचा शिंपी नाकाला फडकं लावून बाहेर आला. “अहो, काय हे! कुणी मिरच्या जाळल्या?”

“आमच्याच हायेत,” बायडाबाई खोकता खोकता म्हणाली. “नातीची दिष्ट काढली. लागली नव्हती.”